नोटीस, काडीमोड आणि वकीलपत्र

मार्च १८८४ मध्ये मुंबईच्या डॉ. सखाराम अर्जुन यांना ‘चॉक अँड वॉकर’ या सॉलिसिटर कंपनीची नोटीस आली. अशील होते दादाजी भिकाजी. मागणी एकच: आमच्या अशिलाची लग्नाची बायको तुमच्या घरी राहते आहे, तिला नांदायला पाठवा, अडवू नका. डॉक्टरांनी सुरुवातीला स्वतःच सभ्यपणे उत्तरं दिली. मग प्रकरण हाताबाहेर चाललं तसे तेही ‘पेन, गिल्बर्ट अँड सयानी’ यांच्याकडे गेले. ही बायको म्हणजे डॉक्टरांची सावत्र मुलगी रखमाबाई. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, आणि त्यानंतरही ती आई-वडिलांच्या घरीच वाढलेली.

रखमाबाईची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ती बहुतेक वेळा बंडखोर मुलीची आणि पुढे डॉक्टर झालेल्या बाईची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा धागा तितकाच मोलाचा आहे. मराठी घरातला नवरा-बायकोचा तंटा पहिल्यांदाच इतक्या उघडपणे दोन वकील कंपन्यांच्या पत्रापत्रीत गेला होता. हे कुटुंब सुतार जातीचं. त्या जातीत विधवेला दुसरं लग्न करता येई, म्हणून तर रखमाबाईची विधवा आई जयंतीबाई डॉक्टरांच्या घरात आली होती. असलाच तंटा दोन पिढ्यांपूर्वी झाला असता तर तो जातीच्या पंचांपुढे गेला असता आणि तिथे कुणालाही वकीलपत्र द्यावं लागलं नसतं.

त्या जुन्या व्यवस्थेची नोंद चांगली सापडते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या सरकारने आर्थर स्टील या अधिकाऱ्याकडून दख्खनमधल्या जातीजातींचे रिवाज विचारून लिहून घेतले. १८२७ च्या सुमारास ते छापलेही. ब्राह्मण आणि त्यांच्यासारख्या वरच्या जातींत लग्न मोडण्याची सोय नव्हती. पण महाराष्ट्राची बहुसंख्य प्रजा ज्या जातींत होती तिथे पाट किंवा मोहतूर, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, होता आणि सोडचिठ्ठीही होती. पंचांसमोर गवताची काडी मोडली की संबंध तुटला, अशी काडीमोडीची रीत होती. बोलायचं ते नवऱ्याने, बायकोच्या बापाने किंवा भावाने. देण्याघेण्याचा हिशेब तिथल्या तिथे. मुलांचा प्रश्न तर बहुतेक निघतच नसे. अंगावरचं पोर काही दिवस आईजवळ, बाकीची बापाच्या घरची, असं साधारणपणे धरलेलं असे. बाईने पाट लावला तर ती दुसऱ्या घरी जाई, मुलं मागे राहत.

या पंचायतींचं कौतुक करण्याचा मोह होतो आणि तो आवरलेला बरा. निकाल चार दिवसांत लागे हे खरं, पण पंचांत बाई कधीच नसे. तिचं म्हणणं तिचा बाप जेवढं सांगेल तेवढंच ऐकू जाई.

इंग्रजांनी या पंचायती एका फटक्यात मोडल्या नाहीत. उलट १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांत हात घालायला मनाई केली होती. घाव दुसरीकडून बसला. भारतीय दंडसंहिता आली आणि नवरा जिवंत असताना दुसरं लग्न करणं बाईसाठी फौजदारी गुन्हा ठरलं. पुरुषावर तसं बंधन नव्हतं, कारण त्याला धर्मशास्त्राने अनेक बायका करायला मोकळीक दिलेली. मग प्रश्न आला की जातीने काडीमोड मान्य केली, बाईने पाट लावला आणि पहिल्या नवऱ्याने फिर्याद केली तर काय? १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने उत्तर दिलं: लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांनी दिलेला शब्द आता बाईला तुरुंगापासून वाचवू शकत नव्हता. पंचांची सही आणि सरकारचा शिक्का यांच्यात ही जी फट पडली, तिच्यातून वकील आत आला.

आणि तो आला तो थेट हायकोर्टाच्या मूळ शाखेतून, म्हणजे सर्वांत महागड्या दाराने. तिथे सॉलिसिटर कागद तयार करणार आणि बॅरिस्टर उभा राहून बोलणार, अशी दुहेरी पद्धत. पक्षकाराला दोघांचीही फी. रखमाबाईच्या बाजूने जे. डी. इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखी माणसं उभी राहिली. तेलंग म्हणजे गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृत पंडित, पुढे त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती. बचावाचे मुद्दे कायद्याच्या पुस्तकातले नव्हते, संसारातले होते: दादाजी गरीब, प्रकृतीने दुबळे, मामाच्या आश्रयाला राहणारे. अडचण अशी की हिंदू नवऱ्याविरुद्ध हे मुद्दे घेऊन लग्नातून बाहेर पडायची वाटच कायद्यात नव्हती. वकील कितीही मोठा केला तरी त्याला मागायला काही नव्हतं. तो फक्त अडवू शकत होता.

दादाजींचा दावा ज्या कायद्यावर उभा होता तोही गमतीचा आहे. नवरा-बायकोला एकत्र राहायला कोर्टाने भाग पाडावं, हा इंग्लंडच्या धर्मकोर्टांतला प्रकार. तो प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८६७ मध्ये एका मुसलमान दाम्पत्याच्या खटल्यातून हिंदुस्थानच्या कायद्यात आणला आणि मग तो हिंदूंनाही लागला. शास्त्राच्या रक्षणासाठी लेखण्या सरसावणाऱ्या मंडळींनी चर्चकडून आलेलं हे हत्यार बिनतक्रार उचललं. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जे एकदाही एकत्र राहिले नाहीत त्यांचं सहजीवन ‘परत’ कसं मिळवून द्यायचं, असा त्यांचा सवाल होता. अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल उलटवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

‘केसरी’त आणि ‘मराठा’त टिळक रखमाबाईंवर तुटून पडले, समाजसुधारक मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, ‘टाइम्स’मध्ये ‘एक हिंदू बाई’ या सहीने त्यांची पत्रं आधीच गाजली होती. शेवट मात्र कोर्टात झालाच नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि पुढल्याच वर्षी दुसरं लग्न केलं. व्हिक्टोरिया राणीने लग्न रद्द केलं ही गोष्ट लोकांना आवडते, पण प्रकरण मिटलं ते पैशावर, म्हणजे जुन्या पंचायतीत मिटलं असतं त्याच रीतीने. फरक एवढाच की मधल्या चार वर्षांत बॅरिस्टरांची बिलं चुकती झाली. रखमाबाई त्यानंतर लग्नाला मोकळ्या झाल्या असं नव्हे. कायद्याने त्या दादाजींच्याच पत्नी राहिल्या, आणि १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. नकार देऊन तुरुंगाला तयार झालेल्या बाईने हे का केलं असावं यावर बरंच लिहिलं गेलं आहे. नकार लग्नाच्या जबरदस्तीला होता, रिवाजाला नव्हता, एवढं तरी त्यातून दिसतं. बायकोने न नांदल्याबद्दल तुरुंगाची तरतूद १९२३ पर्यंत कायद्यात होती.

त्याच मुंबईत एका समाजाने मात्र आपली सोय आधीच लावून घेतली होती. इंग्लिश धर्मकोर्टाची पद्धत पारशांना लागणार नाही असं प्रिव्ही कौन्सिलने १८५६ मध्ये सांगितल्यावर पारशांनी सरकारच्या मागे लागून १८६५ मध्ये स्वतःचा विवाह आणि घटस्फोट कायदा करवून घेतला. त्यात पंचायत आणि कोर्ट यांची मोठी चतुर सांगड आहे. खटला हायकोर्टाचा न्यायाधीश चालवतो, वकील नेहमीसारखे वाद घालतात, पण वस्तुस्थितीचा निर्णय समाजातले प्रतिनिधी करतात. १९३६ च्या कायद्यात ते सात होते, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. देशातून ज्युरी गेली तरी मुंबई हायकोर्टाच्या पारशी विवाह कोर्टात ती या रूपाने शिल्लक राहिली.

या १९३६ च्या कायद्याच्या घडणीत एका बाईचा हात होता. मिठन टाटा, लग्नानंतर मिठन लाम, या मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या बाई बॅरिस्टर. त्यांच्या आधी नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डहून कायदा शिकून आल्या होत्या, पण १९२३ चा कायदा होईपर्यंत बाईला वकिली करण्याचा हक्कच नव्हता. मिठनबाईंच्या पहिल्या खटल्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. अशिलाने त्यांना मुद्दाम निवडलं, कारण खटला जिंकणार याची त्याला खात्री होती आणि विरुद्ध पक्षाला बाईकडून हरण्याची नामुष्कीही यावी अशी त्याची इच्छा होती. वकील निवडण्याची कारणं कायद्याच्या बाहेरची असतात, हे तेव्हाही तसंच होतं.

हिंदूंसाठी घटस्फोटाची वाट आधी ब्रिटिश मुलुखाबाहेर उघडली. बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. पोर्तुगीज गोव्यात तर त्याआधीच, पोर्तुगालात राजेशाही जाऊन महिनाही झाला नव्हता तोच, ३ नोव्हेंबर १९१० च्या फर्मानाने घटस्फोट आला, आणि तोही परस्पर संमतीच्या सोयीसह. म्हणजे सावंतवाडीत जे अशक्य होतं ते तेरेखोल नदीपलीकडे पेडण्यात कायदेशीर होतं. पुढे पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्या १९४० च्या करारानंतर चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांची ही वाट बंद झाली, पण हिंदूंची चालू राहिली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९४६ मध्ये द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा. कारणं मोजकी होती: नपुंसकत्व, वेड, महारोग, चार वर्षं टाकून देणं, सात वर्षं बेपत्ता असणं, रखेल ठेवणं. मारहाण त्यात नव्हती.

द्विभार्या कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा १९५१ मध्ये तो उचलून धरणाऱ्या खंडपीठावर सरन्यायाधीश एम. सी. छागला आणि साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते. हीच दोन नावं थोड्याच दिवसांत पुन्हा भेटणार आहेत.

दरम्यान डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलावरून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, बिलाचे तुकडे झाले, आणि १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा अमलात आला. रखमाबाई त्या वेळी हयात होत्या. वयाच्या नव्वदीत, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्या वारल्या. कायद्याने काडीमोडीलाही जागा ठेवली: ज्या जातीत रूढीने लग्न मोडता येतं तिथे ती रूढी चालू राहील, असं कलम २९ सांगतं. मात्र रूढी सिद्ध करायची ती कोर्टात, साक्षीपुराव्याने. म्हणजे पंचांकडे गेलेल्यालाही शेवटी वकील लागणारच.

नव्या कायद्याने वकिलाला खरं काम दिलं. आता घटस्फोट मागता येत होता, पण दुसऱ्याचा दोष दाखवून. लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत अर्जही करता येत नसे. क्रूरतेवरून तर १९७६ पर्यंत फक्त न्यायिक फारकत मिळे, पूर्ण घटस्फोट नाही. मग अर्जात दोष रचून लिहायचे, उत्तरात त्याहून मोठे. या काळाचा आरसा म्हणजे पुण्याच्या कोर्टात १९६२ मध्ये सुरू झालेलं एक प्रकरण. नवऱ्याचा आरोप बायकोच्या क्रूरतेचा. दोघांच्या पत्रांचे गठ्ठे कोर्टापुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात संपलं ते १९७५ मध्ये, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाने. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहायचं, हे तत्त्व त्यातून घट्ट झालं. क्रूरता घडली होती, असं न्यायालय म्हणालं. पण त्यानंतरही नवरा-बायको एकत्र राहिले, म्हणून नवऱ्याने ती माफ केली असं धरलं गेलं आणि त्याची मागणी फेटाळली. तेरा वर्षं, चार पायऱ्या, आणि हाती काही नाही. पुढल्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. क्रूरता घटस्फोटाचं कारण झाली आणि संमतीचा घटस्फोट आला, गोव्यानंतर सहासष्ट वर्षांनी.

वकिलाला नवरा-बायकोच्या तंट्यातून बाहेर काढायची कल्पनाही याच दशकांत वाढत होती. समाजसेविका दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनला गेल्या आणि तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्या. परत आल्यावर त्या याविषयी नेहरूंशी बोलल्या, आणि मुंबईत छागला आणि गजेंद्रगडकर या दोघा न्यायमूर्तींशीही. विचार असा की संसाराचं भांडण हे जमिनीच्या दाव्यासारखं चालवू नये. समुपदेशक असावा, भाषा साधी असावी, समेटाला आधी संधी मिळावी. त्या कल्पनेला कायदा व्हायला तीस वर्षं लागली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ ने सांगितलं की इथे पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क नाही. न्यायालयाला वाटलं तर ते एखाद्या जाणकाराला मदतीला बोलावेल. पुणे आणि मुंबई इथे १९८९ मध्ये ही न्यायालयं सुरू झाली. महाराष्ट्राने त्यांत पगारी विवाह समुपदेशक नेमले, ही गोष्ट खरोखर कौतुकाची.

पण पक्षकाराने स्वतः उभं राहून बोलावं, ही अपेक्षा कागदावर जितकी उदार होती तितकी कोर्टाच्या खोलीत नव्हती. शिकलेला, नोकरीतला, कागदपत्रांची सवय असलेला नवरा आणि माहेरी परतलेली, कधी अर्जही न लिहिलेली बायको, यांना समोरासमोर उभं केलं की वकील नसल्याचा फायदा कुणाला होणार? पोटगीचा अर्ज, पगाराचा पुरावा, स्त्रीधनाची यादी, उलटतपासणी. पंचायतीत बाईच्या वतीने बाप बोलायचा, इथे तर तोही नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकाच्या आरंभीच कलम १३ कडे मोकळ्या नजरेने पाहिलं: प्रकरण गुंतागुंतीचं असेल आणि पक्षकाराला गरज असेल तर परवानगी अडवून धरू नये. हळूहळू असं झालं की मूळ अर्जाबरोबर वकिलाच्या परवानगीचा अर्जही जोडला जाऊ लागला आणि बहुतेक वेळा तो मंजूरही होऊ लागला. कलम अजून पुस्तकात आहे, वकील मात्र खोलीत.

तो निवडायचा कसा, यावर कायद्याने अजब बंधनं घातली आहेत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. निकालात मिळणाऱ्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवता येत नाही. त्यामुळे घटस्फोटाचा वकील अजूनही मावसभावाच्या ओळखीने, नाहीतर ज्या शेजारणीचं प्रकरण ‘नीट मिटलं’ तिच्या सांगण्यावरून शोधला जातो. बाईला आणि मुलाला मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं. ही वाट माहीत नसल्याने मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरणाऱ्या बायका आजही आहेत.

मुलांच्या ताब्याचा इतिहास याच्या समांतर, पण फार सावकाश सरकला. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचं हित हा शब्द होता. पण त्याच कायद्याचं कलम १९ म्हणत असे की बाप हयात आणि लायक असेल तर दुसरा पालक नेमायचा नाही, आणि अल्पवयीन विवाहित मुलीच्या बाबतीत तो मान नवऱ्याचा. १९५६ च्या हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायद्यानेही बापालाच नैसर्गिक पालक ठरवलं आणि त्याच्यानंतर आईला. पाच वर्षांखालचं मूल तेवढं सहसा आईजवळ. १९७० मध्ये महाराष्ट्रातल्या एका शेतजमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयापुढे अशी आई आली की जिचा नवरा वीस वर्षांहून जास्त काळ वेगळा राहत होता आणि मुलीचं सगळं तीच पाहत होती. मुलीच्या वतीने व्यवहार करायला ती पालक आहे, असं न्यायालयाने मानलं. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात हे तत्त्व सगळ्यांसाठी मोकळं झालं. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावच्या रोख्यांसाठी बापाची सही मागितली होती. बाप मुलाच्या कारभारात लक्ष घालत नसेल तर तो हयात असतानाही आई पालक असू शकते, असा निकाल आला.

आज ताब्याच्या अर्जात दोन्हीकडून मुलाच्या हिताचाच दाखला दिला जातो. एकाकडे शाळा जवळ आहे, दुसऱ्याकडे आजी आहे. भेटीचे वार, सुट्टीतले आठवडे, वाढदिवस कुणाकडे, व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळं कलमवार लिहिलं जातं. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी खेळण्यांची वेगळी जागा आहे. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावून, आई-बाप आणि वकिलांना बाहेर ठेवून विचारतात. आईला वकील असतो, बापाला असतो. मुलाला स्वतःचा वकील कायद्याने मिळू शकतो, पण तो नेमल्याचं क्वचितच दिसतं.